पारसिकच्या बंद खाणींकडे

सीबीडी बेलापूरमधल्या कुठल्याही इमारतीचा स्लॅब फोडला, तर सिमेंटच्या राखाडी थरात अडकलेले काळे, कोनदार खडे दिसतात. एक घनमीटर काँक्रीटचं वजन सुमारे 2400 किलो भरतं आणि त्यातली हजार ते बाराशे किलो नुसती खडी असते. सिमेंट शेकडो किलोमीटरवरून आलं तरी चालतं, सळयाही येतात. खडी मात्र लांबून आणणं परवडत नाही, कारण तिच्या किमतीपेक्षा गाडीभाडं जास्त होतं. म्हणून ती जवळच्या डोंगरातूनच काढावी लागते. बेलापूरच्या बाबतीत हा डोंगर स्टेशनाबाहेर येऊन मान वर केली की समोर असतो. मुंब्र्याकडून दक्षिणेला येणारी पारसिकची रांग बेलापूरपाशी खाडीच्या दिशेने उतरते. ठाणे-बेलापूर रस्त्याने तिच्या पायथ्याने गेलं, तर जागोजागी तिचा उतार एकदम तुटून उभा, उघडा, काळा कडा होतो. त्या बंद पडलेल्या दगडखाणी. तिथली माणसं त्यांना खदान म्हणतात किंवा सरळ क्वारी.

आपल्याकडे डोंगर चढायचा तो गड, लेणी किंवा देऊळ पाहायला. अमेरिकेत नेवाडा, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी डोंगरांत सोन्याचांदीच्या सोडून दिलेल्या खाणींपर्यंत पायी जाण्याचा छंद शेकडो लोकांना आहे. आपल्याकडे खाण पाहायला कोणी चढत नाही. बेलापुरात, नेरुळात, खारघरात राहणाऱ्या माणसाने तरी एकदा चढावं, असं मला मनापासून वाटतं. आपण ज्या भिंतींत राहतो त्या कुठून आल्या आणि त्या आल्या तिथे आता काय शिल्लक आहे, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

खाण म्हटल्यावर डोळ्यांपुढे बोगदे, रूळ, खोल विहिरीसारखी भुयारं येतात. तसं काही सह्याद्रीच्या या भागात सापडणार नाही, आणि त्याचं कारण खडकातच आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टने, म्हणजे लाव्हाच्या थिजलेल्या थरांनी झाकलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा वर आला आणि एकावर एक पसरत गेला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. धातूंची खनिजं आणि कोळसा ज्या जुन्या खडकांत असतात, ते या आवरणाखाली गाडले गेले. जिथे हे आवरण संपतं, तिथे खाणी सुरू होतात: नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज, चंद्रपूरचा कोळसा, गडचिरोलीचं लोखंड, दक्षिणेला सिंधुदुर्गातल्या रेडीचं लोखंड. मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात विकण्याजोगी मुख्य वस्तू एकच, खुद्द दगड. कायद्याच्या भाषेत त्याला गौण खनिज म्हणतात. त्याची रॉयल्टी ब्रासवर भरायची असते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, खडीचा ब्रास असेल तर साधारण चार-साडेचार टन.

गौण हा शब्द शहराला लावून पाहिला की खटकतो. 17 मार्च 1970 ला सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहायला लागलं. ही जमीन बरीचशी सखल, भरतीचं पाणी येणारी, मिठागरांची आणि भातखाचरांची. तिच्यावर इमारत उभी करायची तर आधी भराव हवा, मग रस्त्याला डबर आणि खडी हवी, मग काँक्रीट. बेलापूरला शहराचं मध्यवर्ती व्यापारी केंद्र करायचं ठरलं. सिडको भवन, कोकण भवन, कोकण रेल्वेचं मुख्यालय इथे उभं राहिलं. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलेलं आर्टिस्ट व्हिलेजही इथलंच. 1993 ला लोकल बेलापूरपर्यंत आली. या सगळ्या वर्षांत डोंगराच्या पोटात सुरुंग वाजत होते. भाडेपट्ट्यावर दिलेल्या खाणींपैकी काही तर ज्यांच्या शेतजमिनी शहरासाठी गेल्या, त्या प्रकल्पग्रस्तांनीच चालवल्या. शेती गेली, तेव्हा दगड हाच धंदा उरला. या गोष्टीकडे पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही डोळेझाक करू नये.

पारसिकला भोक पाडण्याची सुरुवात मात्र त्याच्याही फार आधीची. 1854 ला रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोचली, तेव्हाच मुंब्र्यापाशी या डोंगरात बोगदे खोदावे लागले. पुढे 1916 मध्ये जलद गाड्यांसाठी सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा पारसिकचा मोठा बोगदा झाला. आता ऐरोली-काटई रस्त्यासाठी त्याच रांगेतून आणखी एक काढला आहे.

आता प्रत्यक्ष वाटेविषयी.

उन्हाळ्यात ही वाट वाळवंटासारखी असते, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. या भागात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावरची माती वीतभर. पाणी धरून ठेवायला जागा नाही, ते ओढ्यांनी खाडीला जातं. डिसेंबरपर्यंत गवत पिवळं होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये ठिकठिकाणी वणवे लागून उतार काळे पडतात, आणि एप्रिलमध्ये दुपारी बेसॉल्टवर हात ठेवला तर चटका बसतो. काळा दगड ऊन शोषतो आणि संध्याकाळ उलटून गेली तरी ते परत देत राहतो. खाणीच्या तळाला तर मातीचा थरच खरवडून काढलेला असतो. तिथे तिन्ही बाजूंनी तापलेला दगड, मध्ये वारा नाही आणि सावली फक्त कड्याची. पावसाळी कोकणाच्या मधोमध, लोकल स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, असा आठ महिन्यांचा कोरडा पाषाणप्रदेश माणसाने तयार केलेला आहे. म्हणून जायचं ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, उजाडताना निघून दहाच्या आत खाली येण्याच्या हिशोबाने, आणि माणशी दोन लिटर तरी पाणी घेऊन. वर पाणी मिळत नाही. जमीन कुठे सिडकोची, कुठे वनखात्याची, कुठे अजून खाजगी ताब्यातली. आधी चौकशी करून, परवानगी घेऊनच जावं.

धारेवर पोचलं की पहिल्यांदा पूर्वेकडे पाहावं. हवा स्वच्छ असेल तर माथेरान आणि प्रबळगडाची डोंगररांग दिसते. तिच्या कड्यांवर आडव्या रेषा एकावर एक आहेत, जवळजवळ सपाट, वहीच्या पानांसारख्या. प्रत्येक रेष म्हणजे लाव्हाचा एक थर. मग पायाखालच्या डोंगरातल्या थरांकडे पाहावं. इथे त्याच रेषा पश्चिमेला, समुद्राकडे, कललेल्या असतात. पनवेलच्या आसपासून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या एका लांब पट्ट्यात दख्खनचे सपाट थर वाकून पश्चिमेकडे झुकतात. पनवेल फ्लेक्शर या नावाने हा पट्टा जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जे. बी. ऑडेन यांनी 1949 मध्ये त्याचं वर्णन केलं. (कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे थोरले भाऊ. त्यांची हिमालयातली कामगिरी जास्त सांगितली जाते, पण मुंबईकरांनी त्यांना या कामासाठी लक्षात ठेवायला हवं.) भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सच्या भूभागापासून तुटून वेगळा होत असताना जमिनीची ही कड खाली वाकली, असं त्याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण दिलं जातं. एक महासागर उघडला त्याची खूण पनवेलच्या रस्त्यावरून दिसते. आणि ती इतकी स्वच्छ दिसते याचं एक कारण खाणीच आहेत: झाडी आणि मुरमाखाली झाकलेला थरांचा कल उभ्या कापात उघडा पडला.

धारेवरून दक्षिणेला पनवेलची खाडी दिसते, पलीकडे उलवे आणि 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. त्या धावपट्टीच्या जागी एक टेकडी होती. जवळपास 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी कापून सपाट केली आणि तिचाच दगड भरावाला वापरला. पारसिकच्या खाणींचं काम चाळीसेक वर्षं चाललं, उलव्याचं मोजक्या वर्षांत उरकलं. यंत्रं मोठी झाली की डोंगराचं आयुष्य किती आखूड होतं, हे या दोन जागा एका नजरेत दाखवतात.

खाणीकडे उतरणारी वाट चुकत नाही. पायवाट अचानक रुंद होते, चढ एकसारखा, वळणं ऐसपैस; तो डंपरचा जुना रस्ता. त्याच्यावर आता गवत आणि रानमोडी माजलेली असते, पण खाली दाबून बसलेली खडी पायाला कळते. रस्त्याच्या कडेला कुठे क्रशरचा काँक्रीटचा चौथरा, कुठे मागे राहिलेल्या भुकटीचा ढीग. क्रशरमध्ये दोन पोलादी जबड्यांत डबर चिरडला जायचा, मग वेगवेगळ्या भोकांच्या जाळ्यांतून गाळून 20 एमएम, 10 एमएम, ग्रिट आणि शेवटी भुकटी असा माल निघायचा. पूर्वी ही भुकटी टाकाऊ होती; नदीची वाळू मिळेनाशी झाली तेव्हापासून तिला क्रश सँड म्हणून भाव आला.

कड्यासमोर सुरक्षित अंतरावर उभं राहून नीट पाहिलं, की दगडावर वरून खाली गेलेल्या सरळ पन्हाळी दिसतात. सुटून खाली पडलेल्या एखाद्या मोठ्या धोंड्यावर अशी पन्हाळ मिळाली तर तिच्यावरून बोट फिरवून पाहावं: अर्धगोल, आतून गुळगुळीत. हा सुरुंगाच्या भोकाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा केव्हाच कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गेला. अशा भोकांची कड्याच्या कडेपासून ठरावीक अंतरावर एक रांग पाडायची, त्यात स्फोटकं भरायची, तोंड मातीने ठासून बंद करायचं, लाल बावटा दाखवायचा, शिट्ट्या मारून माणसं हटवायची आणि मग बार उडवायचा. स्फोट दगडाला ढकलून फोडतो असं वाटतं. प्रत्यक्षात घडतं ते जास्त नवलाचं आहे. स्फोटाची दाबाची लाट दगडातून प्रवास करत कड्याच्या उघड्या तोंडापर्यंत पोचते. पुढे हवा असते, म्हणून ती तिथून परत फिरते, आणि फिरताना तिचं रूप बदलतं: गेली तेव्हा ती दगडाला दाबत होती, परतताना ती त्याला ताणते. बेसॉल्ट दाब प्रचंड सोसतो, पण ताण सोसण्याची त्याची ताकद त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही कमी. म्हणून तो फुटतो तो मुख्यतः ओढला गेल्यामुळे. मग भेगांत शिरलेला वायू ते तुकडे बाहेर ढकलतो. दगडाचं हे दुबळेपण पाथरवटांना विज्ञानाच्या आधीपासून माहीत होतं. पहारीने भोकं पाडून त्यांत लोखंडी पाचरी ठोकायच्या आणि कातळ उकलायचा, ही रीत त्यावरच बेतलेली आहे.

याच लाटेत खाणीच्या सगळ्यात मोठ्या धोक्याचं मूळ आहे. जी लाट पुढचा दगड तोडते, ती मागे उरलेल्या कड्यातही बारीक भेगा पाडून जाते. शेवटच्या सुरुंगानंतर कडा उभा राहिलेला दिसतो, पण आतून तो सैल झालेला असतो. दर पावसाळ्यात त्या भेगांत पाणी शिरतं, मुळं शिरतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी, अगदी शांत हवेत, एखादा धोंडा सुटतो. म्हणून कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाणं, कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढणं, दोन्ही सारखंच जिवावरचं आहे. कड्याच्या उंचीएवढं तरी अंतर सोडून थांबावं.

दुसरा धोका पाण्याचा. खाणीच्या खड्ड्याला बाहेर वाट नसते, त्यामुळे पावसाचं पाणी साठून हिरवंनिळं तळं होतं. मुंबईच्या परिसरात अशा तळ्यांत पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि त्यातली बरीच मुलं पोहता येणारी असतात. याचंही कारण खाणीच्या रचनेत आहे. दगड पायऱ्यापायऱ्यांनी काढलेला असतो. काठाला गुडघाभर पाणी लागतं, माणूस निर्धास्त होऊन चार पावलं पुढे जातो आणि पायरी संपून एकदम दहा मीटर खोली येते. वरचं पाणी उन्हाने कोमट, खाली हातभर गेलं की गार. अंगात एकदम कापरं भरतं. परत यावं तर काठ उभा आणि शेवाळाने निसरडा, धरायला काही नाही. नदीच्या डोहाला एक बाजू उतरती असते, खाणीच्या तळ्याला बहुतेकदा तीही नसते. या पाण्यात उतरू नये, लहान मुलांना त्याच्या काठावर नेऊ नये. अमेरिकेत सोडलेल्या खाणींबद्दल सरकारी यंत्रणा लोकांना बजावतात की बाहेर राहा, जिवंत राहाल. तिथली भीती अंधाऱ्या भुयारांची, कुबट विषारी हवेची, कुजलेल्या लाकडी टेकूंची असते. आपल्याकडच्या खाणी उघड्या, प्रकाशात असतात आणि त्यामुळेच फसव्या ठरतात.

फुरशाबद्दलही सांगायला हवं. कोकणातल्या खडकाळ, उघड्या माळांवर आढळणारा हा छोटा विषारी साप सुट्या दगडांखाली दबून असतो, मातीच्या रंगाचा. पायात पूर्ण बूट आणि दगड उचलताना काठी, एवढं पाळलं तरी पुरतं.

दगड उचलून पाहण्याचा मोह होतो, कारण खाणीच्या राड्यात सुंदर गोष्टी सापडतात. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले, तिथे पोकळ्या राहिल्या. नंतर लाखो वर्षं खडकात झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं आणून बसवली. वाटाण्याएवढ्या पोकळीत पांढऱ्या सुया, कुठे मेणचट पापुद्रे, कुठे काचेसारखे चौकोनी स्फटिक. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही त्यांपैकी काही नावं. झिओलाइट हे त्यांच्या कुळाचं नाव. अशा पोकळ्यांचा दगड खडीला कमअस्सल. खाणवाल्याला हवा असायचा घट्ट, एकजीव, काळा दगड, म्हणून स्फटिकांचा माल बाजूला टाकला जायचा आणि आजही तो बाजूलाच पडलेला आहे. जगातल्या संग्रहालयांत मानाने मांडलेले कित्येक भारतीय नमुने असे महाराष्ट्रातल्या साध्या खडीच्या खाणींतून निघाले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला गर्द निळा कॅव्हनसाइट जगात सगळ्यात देखणा मानला जातो. कांदिवलीच्या खाणीतला हिरवट प्रेहनाइटही प्रसिद्ध. या दोन्ही ठिकाणी कोणी रत्नं शोधत नव्हतं, रस्त्याला खडी हवी होती.

अंधेरीची गिल्बर्ट हिल याच गोष्टीचा उलटा नमुना. सुमारे 60 मीटर उंचीचा, उभ्या खांबांच्या बेसॉल्टचा तो सुळका आसपासचा दगड काढून नेल्यावर उरलेला अवशेष आहे. तो आज वारसा म्हणून जपायची धडपड चालते. कापून नेलेला भाग कसा होता, हे सांगायला कोणी नाही.

तिथे काम करणाऱ्या माणसांची नोंद तर त्याहून कमी. महाराष्ट्रात दगडाचं काम म्हटलं की वडार समाज. गाडी वडारांनी दगड वाहिला, माती वडारांनी तळी आणि कालवे खणले, जाते वडारांनी घरोघरची जाती-पाटे घडवले. सरकारी यादीत विमुक्त जातींमध्ये नोंदलेला हा समाज आणि 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाडा-सोलापूर-कर्नाटकाकडून शहरांकडे आलेली अनेक कुटुंबं खाणींच्या कडेला पालं टाकून राहिली. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘वडार वेदना’ने या समाजाकडे मराठी वाचकाचं लक्ष वेधलं. बापई डबर फोडणार, बाई टोपल्यांनी गाडी भरणार, पोरं तिथेच धुळीत. या मुलांसाठी वाघोलीत ‘संतुलन’ संस्थेने 1990 च्या दशकात खाणींवरच पाषाण शाळा सुरू केल्या, कारण खाणीवरचं पोर गावातल्या शाळेत पोचतच नव्हतं. दिवसभर क्रशरची धूळ नाकातोंडात, कानाला सुरुंगाचे हादरे, मजुरी बहुधा उक्ती. खाण बंद झाली तेव्हा हवा स्वच्छ झाली हे खरं. तेव्हाच त्यांच्या हातचं काम गेलं, हेही तितकंच खरं.

त्या बंद होण्यामागे एक निकाल आहे. 27 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सांगितलं, की 5 हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागेल. तोपर्यंत ती अट फक्त मोठ्या खाणींना होती. त्यामुळे एकाच डोंगराचे लहानलहान तुकडे करून पट्टे दिले, की कोणालाच मंजुरी लागत नसे. एकेक तुकडा किरकोळ, सगळे मिळून अख्खी रांग. पारसिकवरही पट्टे असेच लहान आणि एकमेकांना लागून होते. या निकालानंतरच्या वर्षांत मंजुऱ्यांचा प्रश्न, हरित न्यायाधिकरणाकडच्या तक्रारी आणि रहिवाशांचा विरोध यांतून इथले बहुतेक क्रशर थांबले.

थांबले, पण पुढे काय हे कोणी ठरवलं नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2010 च्या अहवालात गौण खनिजांच्या खाणींसाठीही दगड काढून झाल्यावर जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा हवा, असं सुचवलं होतं. पारसिकचे कडे पाहिल्यावर असा आराखडा कोणी अमलात आणल्याचं दिसत नाही. बंद खाण दिसली की प्रथम राडारोड्याच्या गाड्या येतात. मग भराव, मग झोपड्या किंवा प्लॉट. आणि वरचा कडा तसाच, सैल.

निसर्गाने मात्र आपलं काम सुरू केलं आहे, आणि ते जवळून पाहण्यासारखं आहे. सगळ्यात आधी उघड्या दगडावर दगडफुलाचे राखाडी ठिपके उमटतात. त्यांच्या आम्लाने आणि वाऱ्याने आलेल्या धुळीने चिमूटभर माती होते. तिच्यात शेवाळ, मग गवत, पावसाळ्यात तेरडा. पाखरांच्या विष्ठेतून भेगेत पडलेलं पिंपळाचं, उंबराचं बी तिथेच रुजतं. खालच्या खडीवर मात्र सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची गर्दी होते, आणि त्यांच्याखाली दुसरं काही सहसा वाढत नाही. कड्याचा मात्र पाखरांना फायदा झाला. ज्या पक्ष्यांना घरट्यासाठी उभा कडा लागतो, त्यांना तो आयता मिळाला. शृंगी घुबड हे आपलं मोठं, कानांवर पिसांचे तुरे असलेलं घुबड बंद दगडखाणींच्या कपारीत अंडी घालतं. पुण्याच्या परिसरात डॉ. सतीश पांडे आणि इला फाउंडेशनने त्यावर बरीच वर्षं अभ्यास केला आहे. त्याचं मुख्य खाद्य उंदीर-घुशी. खाणीखालच्या वस्त्यांना त्याच्याइतका उपयोगी शेजारी नाही. अंधश्रद्धेपायी त्याला मारतात, हे ऐकलं की जीव कळवळतो.

खाणीचं काय करता येतं याची उदाहरणं शोधायला देशाबाहेर जायला नको. हरियाणात गुरुग्रामला अरवलीतल्या दगडखाणींची उजाड जमीन 2010 पासून नागरिकांनी आणि महापालिकेने मिळून स्थानिक झाडांचं जंगल केली. 2022 मध्ये अरवली जैवविविधता उद्यान या नावाच्या त्या जागेला अधिसूचित जंगलाबाहेरचं संवर्धनक्षेत्र म्हणून देशात पहिली मान्यता मिळाली. तिथे झाडं लावताना अरवलीतलीच निवडली, गुलमोहर-सुबाभूळ नाही. पारसिकसाठी तसंच करायचं तर सह्याद्रीच्या उतारावरची काटेसावर, पांगारा, पळस, उंबर, निवडुंग यांपासून सुरुवात करावी लागेल. जिथे थरांचा कल स्वच्छ दिसतो असा एखादा तरी कडा सुरक्षित करून, भरावाखाली न गाडता, शाळा-कॉलेजांच्या मुलांसाठी राखावा लागेल. सैल दगड पाडून घ्यावा लागेल, तळ्यांना कुंपण घालून एका बाजूने उतरता काठ करावा लागेल. यातलं काहीच अशक्य किंवा अफाट खर्चाचं नाही.

मला सगळ्यात भावतं ते जोधपूरचं उदाहरण. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टरांचा ज्वालामुखीच्या खडकाचा माळ वेड्या बाभळीने गिळला होता. 2006 मध्ये प्रदीप क्रिशन यांनी तिथे वाळवंटातल्या मूळ वनस्पती परत आणायचं काम हाती घेतलं. राव जोधा डेझर्ट रॉक पार्क 2011 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. वेडी बाभूळ कापली की पुन्हा फुटते. ती मुळासकट काढायची तर कठीण खडकात भेगेभेगेने उतरायला हवं, आणि सुरुंग लावला तर माळाचाच नाश. मार्ग सापडला तो जोधपूरच्या खांडवाळियांकडे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड काढणाऱ्या खाणकामगारांकडे. ते खडकावर हातोडा आपटून आवाज ऐकत. आवाजावरून आतली भेग कुठे आहे ते ओळखत, नेमकं तिथेच छिन्नी लावून मूळ मोकळं करत, आणि त्याच खड्ड्यात नवं रोप बसत असे.

दगडाच्या आवाजावरून त्याचं अंतरंग ओळखणारी माणसं तुर्भे-नेरूळच्या वस्त्यांमध्ये आजही आहेत. कोणी आता माथाडी करतो, कोणी रिक्षा चालवतो. पारसिकचा कोणता कडा सैल आहे, कुठला सुरुंग न उडता राहून गेला, कुठल्या खड्ड्याची खोली किती, हे कागदावर नाही, त्यांच्या डोक्यात आहे. उद्या महापालिकेने किंवा सिडकोने या खाणींचा आराखडा करायला घेतला, तर सल्लागार कंपनीच्या आधी त्यांना बोलावलं पाहिजे, आणि कामाचा पहिला मोबदलाही त्यांनाच मिळाला पाहिजे.